‘रेसिडेंट ईव्हिल’चा कॅमेरा आणि जिलचे आठ कप्पे

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘रेसिडेंट ईव्हिल’ ही भयावह व्हिडिओ गेमची मालिका २००५ साली चौथ्या भागाबरोबर संपली. एका जागी खिळलेला कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला, भीती गेली आणि नेमबाजी उरली. २०१७चा सातवा भाग म्हणजे भलत्याच गेमवर लावलेली जुनी पाटी. आणि मी जुन्या कॅमेऱ्याला ‘तांत्रिक नाइलाज’ म्हटलं, त्याअर्थी मला जुने भाग कळलेच नाहीत.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे माझं चुकलं. १९९६च्या प्लेस्टेशन या गेमयंत्राला पहिल्या भागातला तो वाडा इतक्या बारकाव्यानिशी त्रिमितीत उभा करणं झेपलं नसतं, म्हणून आधीच तयार केलेली स्थिर चित्रं पार्श्वभूमीला घेतली आणि कॅमेरा एका जागी खिळला. इथपर्यंत नाइलाज. पण त्या नाइलाजातून गेम करणाऱ्यांनी काय घडवलं, ते मी सांगायला हवं होतं. १९९८चा दुसरा भाग आठवा. पोलीस स्टेशनच्या बोळातून जाताना खिडकीबाहेर काहीतरी सर्रकन सरपटत जातं. क्षणभरच. तुम्ही थांबता, मग निघता. पुढे मुंडकं नसलेला देह, आणि छतावरून टपटप पडणारं रक्त. लिकर, म्हणजे तो लांब जिभेचा, कातडी सोललेला राक्षस, प्रत्यक्ष दिसायच्या आधीच तुम्ही घामाघूम झालेले असता. किंवा ते फरशीवर घासत येणारे पाय: झॉम्बी पात्राच्या अगदी समोर असतो, पण कॅमेरा दुसऱ्या टोकाला, म्हणून तुम्हाला नुसतं ऐकू येतं. खांद्यामागच्या कॅमेऱ्याला हे जमत नाही. जे गेलं ते गेलं, आणि तुम्हाला त्याची हळहळ वाटते यात काहीही वावगं नाही.

पण ‘२००५ला कॅमेरा बदलला आणि मालिका मेली’ हे मला पटत नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत ही मालिका कधीच सोवळी नव्हती. याच मालिकेतला २०००चा ‘कोड व्हेरोनिका’ ड्रीमकास्ट या गेमयंत्रावर आला तेव्हाच स्थिर चित्रं गेली होती, कॅमेरा हलू लागला होता. त्याच्याही मागे जा: पहिला भाग घडत असताना अगदी सुरुवातीला त्याचे दिग्दर्शक शिंजी मिकामी यांनी पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा कॅमेरा करून पाहिला होता, तो नंतर सोडून दिला. सातवा भागही पात्राच्या डोळ्यांतूनच दिसतो; म्हणजे त्याची ती नजर बाहेरून आणून चिकटवलेली नाही.

मग या मालिकेत खरंच काय होतं, जे गेलं तर ती मेली म्हणायचं? माझं उत्तर: हातात मावतील एवढ्याच वस्तू, आणि त्यातली कुठली मागे ठेवायची याचा घोर. पहिल्या भागात क्रिस किंवा जिल यांपैकी एक पात्र घेऊन खेळायचं; वस्तू ठेवायला क्रिसला सहा कप्पे, जिलला आठ. टाइपरायटरवर गेम सेव्ह करायला शाईची रिबीन लागते आणि ती रिबीनही एक कप्पा खाते. याच भागाच्या २००२च्या रिमेकने, म्हणजे नव्याने केलेल्या आवृत्तीने, हा घोर आणखी वाढवला. त्यात मारलेला झॉम्बी तसाच सोडला, डोकं उडालेलं नसलं, तर काही वेळाने लाल, नखं वाढलेला आणि धावणारा होऊन उठतो. त्याला जाळायला रॉकेल हवं आणि लायटर हवा. जिलचे दोन कप्पे तिथेच गेले. मी परवा पुन्हा खेळले तेव्हा एका बोळात तीन देह पडलेले होते, माझ्या बाटलीत दोघांपुरतंच रॉकेल होतं आणि त्या बोळातून मला अजून निदान चार खेपा घालायच्या होत्या. कुठला सोडायचा? मी कंट्रोलर खाली ठेवून नकाशा उघडला आणि बसून राहिले. समोर कुणीही नव्हतं, तरी छाती धडधडत होती. त्या धडधडीत कॅमेऱ्याचा वाटा फार थोडा होता.

आता याच मापाने पुढचे भाग मोजून बघा. चौथ्यात बंदूक रोखली की पाय जागीच थिजतात, अगदी १९९६सारखे. पळायचं की उभं राहून मारायचं, हा प्रश्न दर वेळी तसाच. वस्तूंची पेटी चौकटींची झाली आणि रायफल मावावी म्हणून औषधी वनस्पती इकडून तिकडे सरकवत बसणं आलं. पण तुमचा आक्षेप इथे अर्धा खरा आहे: मेलेले शत्रू गोळ्या टाकत जातात, व्यापारी बंदुका विकतो, आणि मागे फिरून जुनं बंद दार उघडायची गंमत जवळजवळ संपली. २००९च्या पाचव्यात सतत एक जोडीदार बरोबर. एकटेपण गेलं की निम्मी भीती तिथेच संपते. २०१२च्या सहाव्याचं मी समर्थन करणार नाही. त्यात लोळणं, लाथा, धावता धावता गोळीबार. कशाचा म्हणून घोर नाही. पण बघा, चौथा, पाचवा, सहावा, तिघांचाही कॅमेरा खांद्यामागेच आहे. तोच कॅमेरा २०१९च्या दुसऱ्या भागाच्या रिमेकमध्येही आहे. तिथे मात्र कप्पे मोजकेच, गोळ्या मोजक्या, खिडक्यांना ठोकायच्या फळ्या मोजक्या, आणि सतत पाठलाग करणाऱ्या मिस्टर एक्स या धिप्पाड राक्षसाचे बूट भिंतीपलीकडून धाड धाड ऐकू येतात. तो कुठल्या खोलीत आहे हे दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. मघाच्या त्या घासत येणाऱ्या पायांचंच हे दुसरं रूप.

या रिमेकची एक उणीव तुमच्या नजरेतून सुटलीय, ती मीच सांगते. १९९८मध्ये दोन पात्रांचे दोन डाव होते; एकाच्या डावात लॉकरमधली मशीनगन आणि जास्तीचे कप्पे देणारी पिशवी घेतली, की दुसऱ्याच्या डावात ते लॉकर रिकामं. आपल्याच हावेची किंमत आपल्याच दुसऱ्या पात्राने मोजायची! २०१९मध्ये हे राहिलं नाही, दोन्ही डाव एकमेकांची फारशी दखल घेत नाहीत. माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा हे नुकसान मोठं आहे. २०२०च्या तिसऱ्या भागाच्या रिमेकबद्दल तर आपलं भांडणच नाही. क्लॉक टॉवरचा अख्खा टप्पा कापला, ऐन मोक्याला ‘हे करू की ते’ विचारणारे निर्णय काढून टाकले. त्यावर तुम्ही चिडलात ते योग्यच.

सातवा भाग मात्र तुम्ही उघडलाच नाही, असं तुम्हीच लिहिलंय. ट्रेलरमध्ये ती नजर दिसली आणि तुम्ही बंद केलात. म्हणून एकच जागा सांगते. १९९६च्या वाड्यात भिंतीवर एक शॉटगन टांगलेली होती. ती उचलली की बाहेर पडताना मधल्या खोलीत दार बंद व्हायचं आणि छत खाली यायला लागायचं. त्यावर उपाय: दुसरीकडे सापडलेली मोडकी शॉटगन तिच्या जागी टांगायची. सातव्यात बेकर कुटुंबाच्या घरात एका खोलीत पुतळा आहे, त्याच्या हातात शॉटगन. ती काढली की दार बंद होतं. परत ठेवली की उघडतं. मी तिथे हसले, मग पिशवी उघडली, आणि मोडकी शॉटगन शोधायला त्या घरात पुन्हा मागे फिरले. पिशवीत जागा नव्हती.