'पाटी एक, माल दुसरा' म्हणणाऱ्या भाऊंना आमच्या लाकडी घाण्याकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलं: 'तेल बरं आहे, पण मालक दुटप्पी. बाहेर "जीएम नाही" अशी पाटी, आत बीटी सरकीच्या ढेपेची पोती. अशांच्या विरोधामुळेच शेतकऱ्याला नवं बियाणं मिळत नाही.' तेलाबद्दल आभार. बाकीचं मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो. नवख्या वाचकासाठी: जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं पीक. बीटी कपाशी त्यातलीच, बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली. सरकी म्हणजे कपाशीचं बी, आणि तेल गाळून उरतो तो चोथा म्हणजे ढेप.

पाटी तेलाची आहे. आम्ही जवस, तीळ, शेंगदाणा आणि करडई गाळतो. यांच्यापैकी एकाही पिकाच्या जीएम वाणाला भारतात परवानगी नाही, त्यामुळे पाटीवर लिहिलंय ते खरं आहे. ढेप गुरांसाठी आहे, वेगळ्या खोलीत ठेवलेली आहे, आणि तिथेही 'बीटी कपाशीची सरकी ढेप' असं लिहिलेलं आहे. बिगर-बीटी सरकी आपल्या भागात आणायची तरी कुठून? २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत वावरंच्या वावरं तिनं भरली. माझ्याही वावरात तीच आहे. अमेरिकन बोंडअळीच्या फवारण्या तिनं कमी केल्या, हे मी नाकारत नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं त्याच बीटीची बोंडं पोखरली, हे तुम्हीही विसरला नसाल.

माझा विरोध आहे तो न सांगता ताटात वाढण्याला.

बीटी वांग्याचं बघा. २००९ मध्ये केंद्राच्या समितीनं त्याला मान्यता दिली होती. तरी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांचं म्हणणं ऐकलं, त्यात आपलं नागपूरही होतं, आणि ९ फेब्रुवारी २०१० ला वांगं थांबवलं. निर्णय पटो न पटो, खाणाऱ्याला विचारलं तरी गेलं. सरकीच्या तेलासाठी अशी सुनावणी झाली नाही. कापूस अंगावर घालायचा म्हणून बीटी आलं. पण क्विंटलभर कापूस जिनिंगला गेला की रुई निघते साधारण ३३-३५ किलो, बाकी बहुतेक सरकीच. तिचं तेल रिफाइंड होऊन फरसाणाच्या कढईत जातं.

ते तेल विष आहे असं मी कधीच म्हटलं नाही. शुद्ध केलेल्या तेलात त्या घातलेल्या जनुकाचं प्रथिन जवळजवळ उरत नाही, हे मी गिऱ्हाइकालाही सांगतो. पण जीएम अन्न असलेल्या पाकिटावर 'जीएम' अशी अक्षरं छापायचा नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला. आपल्याकडच्या किराणा दुकानात सरकी तेलाच्या एकाही पिशवीवर ती मला अजून दिसलेली नाहीत. तुम्हाला दिसली तर जरूर कळवा, मी त्या कंपनीचं नाव आनंदानं सांगत फिरेन.

आता बियाण्याचं. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून शेतकऱ्याला एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सोसणारी बीटी कपाशी हवी. ही अडचण खरी आहे, माझ्याही घरची आहे. २०१९ मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ते जाहीर करून पेरलं, कायदा मोडतोय असं सांगून पेरलं. मला त्यांची मागणी पटत नाही, पण त्यांनी लपवलं नाही, याचा मान वाटतो. परवानगी नसलेलं हेच बियाणं चोरून विकतात, ते 'चोरबीटी' मात्र बिलाशिवाय हातात पडतं. ते उगवलं नाही, तर तुम्ही तक्रार कोणाकडे नेणार? बियाणं मिळत नाही याचा राग माझ्या पाटीवर काढू नका, भाऊ. परवानगी दिल्लीत अडली आहे, आणि ती द्यायचीच असेल तर आधी तपासून, उघड चर्चा करून द्यावी, एवढंच मी मागतो.

पाटी दोन्हीकडे राहील, तेलावर आणि ढेपेवरही. तुमच्या वावरातले जवस किंवा तीळ घेऊन या. समोर बसून गाळून न्या, निघेल ती ढेपही तुमचीच.