वोलेमी पाइन ‘परत आलं’, म्हणून वाघळंही येतील?

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटात एक मेसेज दर आठवड्याला येतोय. म्हणे, “वोलेमी पाइन हे ऑस्ट्रेलियातलं सूचिपर्णी झाड कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालं होतं, 1994 साली पुन्हा उगवलं. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावरचं वटवाघूळही तसंच परतेल. वाघळं नुसती नासाडी करतात, त्यांचं झाड तोडलं म्हणून गळे काढू नका.” सोबत फोटो आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूचा!

सुरू सूचिपर्णी नाहीच, ते फुलणारं झाड आहे. वोलेमीचा भाऊबंद बघायचा तर अंगणातल्या कुंडीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून लावतात तो अरोकेरिया बघा.

आणि वोलेमी पुन्हा उगवलं नाही, ते होतंच. सिडनीच्या वायव्येला, खोल घळीत. माणसाला त्याच्यासारख्या झाडांचे जीवाश्म तेवढे ठाऊक होते. 1994 साली डेव्हिड नोबल हे उद्यान-अधिकारी त्या घळीत उतरले तेव्हा जिवंत झाड दिसलं. रानातली पूर्ण वाढलेली झाडं आजही शंभराच्या आत आहेत. 2019-20 च्या वणव्यात अग्निशामक जवान हेलिकॉप्टरमधून तिथे उतरले, पाणी दिलं, म्हणून ती राहिली.

ग्वामचं उलट आहे. अमेरिकेच्या ताब्यातलं हे बेट जेमतेम 540 चौरस किलोमीटर, रायगड जिल्ह्याच्या दहाव्या हिश्श्याहून लहान. वाघळं मांसासाठी मारली जात. त्यांच्यातल्या एका छोट्या जातीची 1968 साली शिकाऱ्याने मारलेली मादी ही शेवटची खात्रीची नोंद. 2023 साली अमेरिकेने ती जात नामशेष धरून संरक्षित यादीतून काढली.

वोलेमी बुंध्यापासून फुटतं, फांदी लावली तरी जगतं, नर-मादी शंकू एकाच झाडावर येतात. वाघळाची फांदी कुठून लावणार? त्याला जोडी लागते, आणि आपल्याकडच्या मोठ्या वाघळाला वर्षाला पिल्लू एकच.

नासाडीचं म्हणाल तर चिकू-आंबा खातात, हे खरं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वाघळं उपद्रवी प्राण्यांत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. पण उंडीचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या त्या तेलबियांच्या झाडाचं काय? वाघूळ वरचा गर कुरतडतं आणि बी टाकतं. आमच्या वाडीत वाघळांच्या वडाखाली सकाळी दातांचे ओरखडे असलेल्या गोल बिया पडलेल्या असतात. आजी त्या रोवळीत वेचायची, वाळवून घाण्यावर न्यायची. तेल दिव्याला, उरलेलं होडीच्या लाकडाला. त्या वडाजवळ उंडीचं एकही झाड नाही. सगळ्यात जवळची उंडी खाडीपलीकडे आहे.