कोलंबोत अडकलेल्या हळदीच्या कंटेनरबाबत आमचे उत्तर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण आपल्या अभिप्रायात आमच्या माल परदेशी पाठवण्याच्या कामाला एकच तारा दिला आहे. सांगलीहून हॅम्बुर्गला निघालेला आपला हळदीचा कंटेनर १६ दिवस बेपत्ता होता, नकाशावर त्याचे जहाज न्हावा शेवाकडे परत येताना दिसत होते, विचारणा केली की आमच्याकडून केवळ ट्रॅकिंगची लिंक येत असे आणि शेवटी माल १४ दिवस उशिरा पोहोचूनही जादा अधिभार लावला गेला, असे आपण लिहिले आहे. यांतली लिंकविषयीची तक्रार पूर्णपणे खरी आहे. त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

आपल्याला तेव्हाच सांगायला हवे होते ते आता सांगतो. न्हावा शेवाहून आपला कंटेनर फीडर जहाजाने, म्हणजे मोठ्या बंदरापर्यंत माल नेणाऱ्या छोट्या जहाजाने, कोलंबोला गेला, तिथे उतरवला गेला आणि युरोपला जाणाऱ्या मोठ्या जहाजाची वाट पाहत यार्डात थांबला. फीडर रिकामे होऊन परतीच्या फेरीला लागले. बुकिंगच्या कागदावर आम्ही आपल्याला फक्त त्या फीडरचे नाव दिले होते, त्यामुळे आपण नकाशावर तेच जहाज पाहत राहिलात आणि आपला माल परत येतो आहे असे आपल्याला वाटले. आपल्या जागी मी असतो तर मलाही तसेच वाटले असते. असे नकाशे जहाजावरच्या एआयएस यंत्रणेच्या, म्हणजे जहाजाची जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेच्या, संदेशांवर चालतात. त्यांतून जहाज कुठे आहे हे कळते, त्याच्या पोटात कोणता कंटेनर आहे हे कळत नाही. वाटेत जहाज बदलते, पण कंटेनरवरची चार अक्षरे आणि सात अंक शेवटपर्यंत तेच राहतात, म्हणून शोध नेहमी त्या क्रमांकाने घ्यावा लागतो.

मात्र त्या क्रमांकानेही त्या १६ दिवसांत आपल्याला नवे काही दिसले नसते. शिपिंग लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, नोंदी घटनांच्या असतात: कंटेनर फाटकातून आत आला, जहाजावर चढला, उतरला. दोन घटनांच्या मध्ये कंटेनर यार्डात उभा असेल किंवा भर समुद्रात असेल, तर पडद्यावर जुनीच ओळ राहते. देशांतर्गत वाहतुकीत कंटेनरवरच्या, रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या आरएफआयडी टॅगमुळे ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ या कंटेनरचा माग दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर हालचाल दिसते. ती सोय बंदर सोडल्यावर संपते.

कोलंबोतला मुक्काम लांबण्याचे कारण तांबड्या समुद्रातले आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तिथे व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बहुतेक मोठ्या लाइन्सनी सुएझ कालवा सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायला सुरुवात केली. या वळशाला एका बाजूने साधारण १० ते १४ दिवस जास्त लागतात, आणि युरोपहून परतणारी जहाजेही त्याच वाटेने येत असल्यामुळे त्यांची पुढची फेरीही मागे सरकते. आपल्या कंटेनरसाठी ठरलेले जहाज असेच उशिरा आले. चार दिवसांचा मुक्काम १६ दिवसांचा झाला. उरलेले दोन दिवस पुढच्या प्रवासात गेले. हे आमच्या हातात नव्हते. परंतु लाइनने दिलेली अंदाजी तारीख आम्ही आपल्याला पक्की असल्यासारखी कळवली, आणि आपण त्याच तारखेवर हॅम्बुर्गच्या खरेदीदाराला शब्द दिलात. ही चूक आमची आहे.

अधिभार लाइनने लावलेला आहे आणि त्यात आमचा एक रुपयाही नाही. लाइनचे मूळ बिल आपल्याला ईमेलने पाठवले आहे. तरीही बिलात दिसण्याआधी तो फोनवर सांगायला हवा होता. या खेपेची आमची सेवा आणि कागदपत्रांची फी आम्ही परत करत आहोत, तिची क्रेडिट नोट याच आठवड्यात निघेल. कंटेनर ‘हरवला’ होता हे मात्र मला मान्य करता येत नाही, कारण तो कोणत्या यार्डात आहे हे आमच्या कार्यालयाला रोज माहीत होते. माहीत असूनही आपल्याला कोणी सांगितले नाही, याचे मला जास्त वाईट वाटते. यापुढे जिथे जहाज बदलते अशा प्रत्येक खेपेत दोन्ही जहाजांची नावे बुकिंगच्या वेळीच लिहून दिली जातील, आणि पाच दिवस नवी नोंद आली नाही तर आमचा माणूस स्वतः फोन करील.

आपल्या खरेदीदाराने उशिराबद्दल कपात मागितली असेल, तर त्याचे पत्र कृपया आमच्याकडे पाठवावे. कंटेनर कोलंबोत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कशामुळे थांबला, याचे लेखी पत्र आम्ही लाइनकडून मागवून घेतले आहे. खरेदीदाराचे पत्र मिळेल त्याच दिवशी ते आपल्याला देऊ.