बशीमागचं साल म्हणजे बशीचं वय नाही!

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मावशीला एक फॉरवर्ड आलाय, 'जुनी इंग्लिश क्रोकरी ओळखा दहा सेकंदात, फक्त उलटी करा आणि शिक्का वाचा'. पाच नियम दिलेत. ते वाचून तिने कारबूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, ८० पाउंड मोजून एक प्लेट घेतली आणि मला फोटो पाठवला. खाली छापलंय वेजवुड (ही इंग्लिश क्रोकरी कंपनी), इंग्लंड, १७५९, बोन चायना (हाडांची राख घातलेली चिनीमाती). म्हणे अडीचशे वर्षांची आहे!

पहिला नियमच सगळ्यात घातक आहे, 'खाली छापलेलं साल म्हणजे बनवल्याचं साल'. अहो ते कंपनी सुरू झाल्याचं साल आहे! जोसाया वेजवुडने १७५९ मध्ये धंदा सुरू केला आणि हल्लीच्या मालावर कंपनी ते साल अभिमानाने छापते. स्पोड या दुसऱ्या इंग्लिश कंपनीचं १७७० पण तसंच. आणि त्याच प्लेटवर बोन चायना लिहिलंय ते कुणी वाचायचं? जोसाया १७९५ मध्ये गेला, त्याच्या कंपनीने बोन चायना पहिल्यांदा केलं १८१२ मध्ये, मग १७५९ ची बोन चायना प्लेट आली कुठून?

दुसरा नियम, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा शिक्का असेल तर त्यातल्या अक्षरावरून नेमकं वर्ष कळतं. अर्धवट माहिती आहे ही. हा शिक्का १८४२ ते १८८३ चा, आणि तो डिझाइन रजिस्टर केल्याची तारीख सांगतो, तुमची बशी भट्टीतून कधी निघाली ते नाही, चाललेलं डिझाइन पुढे कितीतरी वर्षं बनत राहायचं. शिवाय वर्षाचं अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात असायचं, १८६८ पासून उजव्या. एक्स वर असला तर १८४२, उजवीकडे असला तर १८६८. फॉरवर्डमध्ये एकच तक्ता दिलाय, म्हणजे थेट २६ वर्षांची चूक. त्या नोंदींची मूळ रजिस्टरं लंडनला क्यू इथे नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत, कुणालाही बघता येतात, पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटली नाही.

'इंग्लंड' लिहिलं असेल तर १८९१ नंतरचं, हे मात्र बरंचसं खरंय, मान्य करतो. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर १८९१ पासून देशाचं नाव सक्तीचं केलं त्यामुळे ते आलं. पण उलटं लावू नका, इंग्लंड नाही म्हणून ती १८९१ आधीचीच असं होत नाही, जो माल अमेरिकेला जायचा नव्हता त्याला ती सक्ती नव्हतीच.

चौथा नियम, शिक्क्यात ब्रिटिश राजचिन्हातले सिंह आणि एकशिंगी घोडा म्हणजे राणीसाठी बनवलेलं, हे साफ चूक, कितीतरी कारखाने ते सर्रास छापायचे.

आणि 'शिक्का नाही म्हणजे नकली' हे वाचून तर चीडच आली. अठराव्या शतकातला आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीचा ढीगभर इंग्लिश माल बिनशिक्क्याचा आहे, छापायची सक्तीच नव्हती. उलट वेजवुडच्या नावात एक 'ई' जास्त घालून इंग्लंडमधल्याच स्टॉकटन गावचा एक कारखाना माल विकायचा, खऱ्या वेजवुडने १८४८ मध्ये कोर्टाकडून ते बंद करून घेतलं. म्हणजे शिक्का असून फसवणूक! या नियमापायी लोक घरातली जुनी बिनशिक्क्याची भांडी चॅरिटी शॉपला देऊन टाकतील.

मावशीला तो विकणारा रविवारी परत भेटणार आहे, अशाच आणखी सहा प्लेट घेऊन. तिला म्हटलंय, आधी बुडाचे फोटो पाठव, तोवर एक पैसा देऊ नकोस.