आधी पोरी खेळल्या, लीग मागून आली

सोलापुरात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'मुलींचं फुटबॉल म्हणजे २०१७च्या राष्ट्रीय लीगने काढलेलं फॅड. त्याआधी कुणी खेळत नव्हतं. बघायला आजही कुणी येत नाही. खेळ मोठ्या शहरांचा. आपल्या मुलींनी खो-खोच खेळावा.'

'त्याआधी कुणी खेळत नव्हतं' हे धडधडीत खोटं. भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ साली निघाला आणि त्याच वर्षाअखेरीस लखनौला राज्यांच्या संघांची स्पर्धा झाली. १९८० साली कालिकतच्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम फेरी गाठली आणि तिथे तैवानकडून हार पत्करली. चीन-जपान त्या स्पर्धेत नव्हते, हे मान्य. पण १९८३ला भारत पुन्हा उपविजेता ठरला, तेही परक्या मैदानावर. मुलींचा खेळ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला तो नव्वदच्या दशकात.

मग लीगने केलं काय? या महासंघाची राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा १९९१ पासून आहेच; पण स्पर्धा थोड्या दिवसांत आटोपते, हरलेला संघ गाडी पकडतो आणि पुढच्या वर्षीपर्यंत बूट कोपऱ्यात पडून राहतात. लीगमध्ये आज हरलात तरी पुढचा सामना ठरलेला असतो. खेळाडू त्यावरच घडतात. म्हणून राज्याची आणि जिल्ह्याची लीग महत्त्वाची. राष्ट्रीय लीग नजरेत भरते, एवढंच.

'मोठ्या शहरांचा खेळ' म्हणणाऱ्यांनी त्याच २०१७च्या लीगची यादी काढून बघावी. अंतिम टप्प्यात सहा संघ होते. पुण्याचा एक होता, ठीक. पण अलखपुरा हा हरियाणातल्या एका खेड्याचा संघ, चक्क गावाच्या नावाने उतरलेला! अंतिम सामना झाला मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन आणि ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबमध्ये; मणिपूरने तो ३-० असा जिंकला. २०१९ला विजेता ठरलेला सेतू एफसी मदुराईचा. यांत मुंबई, दिल्ली कुठे आहे?

प्रेक्षकांचं म्हणाल, तर २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला सुमारे ५३,००० लोक आले होते. वर्षभरात, डिसेंबर १९२१मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना शोभत नाही म्हणत आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी पन्नासेक वर्षं टिकली. आधी दार लावायचं आणि मग आत कुणी येत नाही म्हणून नावं ठेवायची, ही तऱ्हा तेव्हापासूनची.

राहिला खो-खो. खेळावाच की! सोलापूरच्या मुली त्यात तरबेज आहेत. पळता पळता झटक्यात दिशा बदलणं, पाठलागाचा अंदाज, दमसास हे सगळं फुटबॉललाही लागतंच. एक खेळ निवडायला लावण्याआधी पार्क मैदानावर आणि शाळांच्या मैदानांवर संध्याकाळचा एखादा तास मुलींसाठी राखून ठेवा. कुठला खेळ आवडतो ते त्या ठरवतील.