पुढं काय झालं?

संध्याकाळपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

लेकीच्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे, तिच्यासाठी काहीतरी घ्यावं म्हणून ऑफिस सुटल्यावर पुस्तकांच्या प्रदर्शनाला गेले होते. मुलांच्या टेबलापाशी एक मुलगा उभा होता. नऊ-दहा वर्षांचा असेल, दप्तर अजून पाठीवरच. हातात ‘फास्टर फेणे’. चाळत नव्हता, वाचत होता. येणारेजाणारे धक्के देत होते, त्याचं लक्षच नाही. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर ओळीखाली त्याचं बोट. तेवढ्यात वडील आले. “हे काय घेतलंयस? यातनं काय शिकायला मिळणार हाय?” पुस्तक हातातून काढलं, ढिगावर टाकलं आणि स्कॉलरशिपचं गाईड दिलं. पोरगं चकार शब्द बोललं नाही. पण ते बोट तसंच राहिलं होतं, ओळीवर ठेवल्यासारखं.

मला तिथंच बोलायचं होतं, आणि मी बोलले नाही. निम्मा राग त्याचा आहे.

यातनं काय शिकायला मिळणार! रविवारी पोराला मिसळ खायला नेतो तेव्हा विचारतो का आपण हे? पंचगंगेच्या घाटावर पाण्यात सोडतो तेव्हा विचारतो? मग पुस्तक हातात घेतलं की लगेच त्याच्याकडून हिशेब का मागायचा?

माझे आण्णा चौथी शिकलेले. उद्यमनगरात एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे साचे करायला होते. पगार झाला की लक्ष्मीपुरीतल्या एका रद्दीच्या दुकानात जायचे आणि वजनावर पुस्तकं आणायचे. ‘किशोर’चे जुने अंक, ‘चांदोबा’, कव्हर गेलेलं काहीबाही, पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव लिहून खोडलेलं. निवड करायची म्हणजे आत चित्रं आहेत का एवढंच बघायचे. रात्री जेवणं झाली की भिंतीला टेकून बसायचे. नखांत फौंड्रीची काळी वाळू बसलेली असायची, कितीही साबण लावला तरी निघायची नाही. आणि म्हणायचे, “हां, सांग बाळ. पुढं काय झालं?”

बास, एवढंच. तात्पर्य काय, बोध काय, असलं त्यांनी जन्मात विचारलं नाही.

त्याच रद्दीतून माझा पहिला फास्टर फेणे आला. शेवटची पानंच नव्हती. बन्या, म्हणजे फास्टर फेणेच, संकटात सापडलेला आणि पुस्तक संपलेलं. त्या रात्री आण्णांनी नेहमीसारखं विचारलं, आणि मी जे सुचेल ते रचून सांगितलं. त्यांनी ते पुरतं खरं धरलं. मधे दोनदा “आरं तिच्या!” असं म्हणालेसुद्धा. मी आज जे काही चार शब्द लिहू शकते, त्याची सुरुवात त्या फाटक्या पुस्तकापाशी आहे.

आता शाळेचं. नाव लिहीत नाही. माझ्या लेकीच्या शाळेत वाचनाच्या तासाला एक छापील कागद देतात. पुस्तकाचे नाव, लेखक, आवडलेले पात्र, मिळालेला बोध. लेकीनं ‘तोत्तोचान’ वाचलं होतं, एका जपानी मुलीच्या शाळेची गोष्ट. चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा, पहिल्याच दिवशी त्या पोरीची बडबड चार तास ऐकून घेणारे कोबायाशी मुख्याध्यापक. मला म्हणाली, “आई, चार तास! एकदा पण गप्प बस म्हणाले नाहीत!” कागदावर तिनं बाकी सगळं लिहिलं, बोधाचा रकाना तेवढा कोरा ठेवला. त्याभोवती लाल गोल होऊन कागद परत आला. पुढच्या वेळी तिनं तासाला सगळ्यात बारीक पुस्तक उचललं. मी विचारलं, हे का? तर म्हणाली, “यात बोध शेवटी लिहिलेला असतोय.”

डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

आणि हे कुठं, तर आपल्या कोल्हापुरात. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं ठरवलं, त्या गावात. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं आहे. लीलाताई पाटलांनी 1985 साली इथंच सृजन आनंद विद्यालय काढून दाखवलं, की मूल भीतीशिवाय शिकतं. जयंतीला फोटोला हार घालायला आपण सगळे पुढं असतो. पोराच्या हातातलं पुस्तक काढून घेताना मात्र यातलं कुणी आठवत नाही.

मान्य आहे, परीक्षा असतात, गाईडं घ्यावी लागतात, मीही घेतलीत. पुढचं बोलू.

महिन्यातून दोन-तीन जण तरी मेसेज करतात, “मुलांसाठी पुस्तकं सुचव ना, संस्कार होतील अशी.” आज एकदाच इथं सांगते. संस्काराचं तुमचं तुम्ही बघा, ते तुमच्या वागण्यातून व्हायचे आहेत. मी गोष्टींबद्दल सांगणार.

घरात अगदी लहान मूल असेल तर माधुरी पुरंदरे. डोळे झाकून घ्या. ‘राधाचं घर’, यशची पुस्तकं, ‘बाबांच्या मिश्या’. चित्रंही त्यांचीच. यशचा हात मोडतो, यशला कंटाळा येतो. तुमच्या-माझ्या घरात घडतं तेच. माझी लेक चार वर्षांची असताना ‘हात मोडला’ रोज रात्री वाचायला लावायची. मी दमून एखादी ओळ गाळली की लगेच माझा हात धरून मागं न्यायची. “हे राहिलं.” वाचता येत नव्हतं तिला, तरी कोणत्या चित्राशी काय येतं ते पाठ होतं. मूल तेच तेच पुस्तक मागतंय म्हणून कंटाळू नका, नवीन घे म्हणून मागं लागू नका. त्याचं त्या पुस्तकातलं काम अजून संपलेलं नाही.

जरा मोठी झाली की त्यांचंच ‘वाचू आनंदे’ आणा. बालगटाचे दोन आणि कुमारगटाचे दोन भाग आहेत. मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांचे उतारे आणि सोबत आपल्याकडची चित्रकला. हे सलग वाचायचं पुस्तक नाही. घरात उघडं पडू दे, जाता-येता कुठलंही पान वाचू दे.

आठ-नऊपासून पुढं तर चंगळच आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, 20 पुस्तकं आहेत. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा सायकलवर टांग टाकून निघाला की मूल त्याच्या मागं निघालंच म्हणून समजा. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’. भाषा जुनी वाटते म्हणतात, आणि थोडी आहे जुनी. पहिली दहा पानं तुम्ही मोठ्यानं वाचा, अकरावं पान ते स्वतः ओढून घेतं. ‘तोत्तोचान’चं मी वर सांगितलंच. चेतना सरदेशमुख गोसावींचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढलाय आणि तो महाग नाही. आपल्या जिल्ह्यातलं नाव हवं असेल तर सलीम मुल्लांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’. वनखात्यात नोकरी करणारा हा माणूस, 2019 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे या पुस्तकाला. किती जणांच्या घरात आहे?

बारा-तेराच्या पुढं प्रकाश नारायण संतांचा लंपन. ‘वनवास’पासून सुरू करा. ही मुलांसाठी म्हणून लिहिलेली पुस्तकं नाहीत, पण त्या वयाचं सगळं आहे त्यात. लेकीनं अजून वाचलेलं नाही. मी फक्त तिच्या हाताला लागेल असं ठेवलंय.

पुस्तकं महाग झालीत म्हणाल, तर झालीत. मग ‘किशोर’ बघा. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत. आणि वाचनालयाची वर्गणी भरा. भरून पोराला कपाटापुढं सोडा आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा. जे उचलेल ते घरी आणू द्या. भुताचं उचललं तरी, विनोदाचं उचललं तरी, तुम्हाला फालतू वाटलं तरी. इंग्रजी शाळेतलं असेल तर तुम्ही वाचून दाखवा. पोटात गोष्ट गेली की अक्षरं मागून येतात.

लिहिता लिहिता तो बाप डोळ्यांपुढं येतोय. मघाशी मी नीट सांगितलं नाही. त्याच्या हातात जेवणाचा रिकामा डबा होता. कामावरून सुटून पोराला घेऊन तसाच आला असणार. गाईडचे पैसे देताना त्यानं खिशातल्या नोटा दोनदा मोजल्या. पोरानं आपल्यासारखं राबू नये एवढंच त्याच्या मनात असणार. माझ्या आण्णांच्या मनात तरी दुसरं काय होतं? म्हणून राग आता त्याच्यावर राहिला नाही. त्याच्या डोक्यात हा प्रश्न ज्यांनी घातला, त्या आपल्या सगळ्यांवर आहे.

आण्णांचं एक राहिलं. कॉलेजला गेल्यावर तेच फास्टर फेणेचं पुस्तक मला वाचनालयात अख्खं मिळालं. खरा शेवट वेगळाच होता. घरी आले आणि आण्णांना खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, “म्हंजे इतकी वर्षं मला खोटंच म्हाईत होतं?” मग चष्मा पुसला, भिंतीला टेकले आणि म्हणाले, “वाच. पहिल्यापासनं वाच.” रात्री साडेअकरापर्यंत वाचत होते मी. सेकंड शिफ्ट संपवून शेजारचे काका आले, तेही उंबऱ्यात बसले.

आज प्रदर्शनातून निघताना त्या ढिगावरचं पुस्तक मी विकत घेतलंय. डाव्या पानावर चित्र असलेली ती जागा शोधून तिथं कागदाची पट्टी घातली आहे. आज संध्याकाळी प्रदर्शनात वडिलांनी गाईड घेऊन दिलेला, निळं दप्तरवाला मुलगा तुमच्या ओळखीत असेल तर मला मेसेज करा. मी स्वतः नेऊन देईन.