पोदेर आला की कम्प्युटर जातो

तर झालं असं की आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाची संहिता टाईप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाव फोंडा तालुक्यातलं, म्हणजे जत्रा म्हटली की नाटक हवंच. नाटक ऐतिहासिक, लिहिणारे गावचेच रिटायर्ड मास्तर, अक्षर असं की मुंग्यांची रांग बरी. माझ्याकडे कम्प्युटर आहे एवढ्या एका गुन्ह्यावर ही शिक्षा.

दुसऱ्या प्रवेशात सरदार धावत येतो आणि ओरडतो, "महाराज, घात झाला!" मी हे वाक्य टाईप केलं आणि स्क्रीन काळी. मग फॅनचा घर्रर्र आवाज आणि कम्प्युटर आपला आपणच परत चालू. म्हटलं ठीक आहे, गोव्यात राहतो आपण, पावसाळ्याआधी वारा सुटला की कुठेतरी माड तारेवर टेकतो, होतं असं. पण घरात पंखा फिरत होता, ट्यूब जळत होती, लाईट गेलीच नव्हती! आणि वर्ड दर दहा मिनिटांनी सेव्ह करतो म्हणतात पण त्या दहा मिनिटांत महाराज, सरदार आणि अर्धी फौज कायमची गेलेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. वैतागून मी उठायचो आणि नेमका त्याच वेळी बाहेर पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंगा, पों पों, आणि आई स्वयंपाकघरातून, "अरे पोदेर आला, उठलायस तसा जा, चार उंडे घेऊन ये." मी मुकाट्याने पिशवी घेऊन जायचो. पाव गरम असायचे, तेवढाच दिलासा.

आता आपल्याकडे कम्प्युटर बिघडला की माणसं जशी जमतात तशी आजारी माणसाकडेसुद्धा जमत नाहीत. भाचा म्हणाला, मामा व्हायरस. दुकानवाला फोनवरच म्हणाला, फॉरमॅट मारा. (त्याला विंचू चावला म्हणून सांगितलं असतं तरी तो फॉरमॅट मारा म्हणाला असता.) शेजारचे म्हणाले रॅम काढून खोडरबरने घासा, ते मात्र मी केलं, भाच्याच्या कंपासमधलं रबर घेऊन, स्ट्रॉबेरीचा वास येणारं. रॅमला दोन दिवस तो वास होता. फरक शून्य.

मग भाच्याने इव्हेंट व्ह्यूअर नावाची गोष्ट उघडून दिली, तिथे म्हणे कम्प्युटर आपल्या सगळ्या दुखण्यांची नोंद ठेवतो. लाल खुणेसकट रांगेने लिहिलेलं, कर्नल-पॉवर 41. भाच्याने ते मोठ्याने वाचलं तर आई बाहेर येऊन विचारते, "कोण कर्नल? आपल्याकडे?" तर या कर्नलसाहेबांचा रिपोर्ट काय, तर सिस्टीम नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली. अरे बाबा, ते मी समोर बसून बघत होतो की!

पण त्यातून एक धागा मिळाला. सेटिंगमध्ये 'आपोआप रिस्टार्ट' म्हणून एक खूण असते ती काढून टाकली, म्हणजे विंडोजचीच चूक असेल तर निळी स्क्रीन येऊन थांबून राहील. पुढच्या वेळी ना निळी ना पिवळी, थेट काळोख. म्हणजे बिचाऱ्या विंडोजला मरताना 'आई गं' म्हणायलाही वेळ मिळत नव्हता, खालून सतरंजीच ओढली जात होती. दुखणं करंटचं.

यूपीएस आहे हो माझ्याकडे. 600 व्हीएचा. पण तो लाईट जाण्याच्या आधीच जातो. उघडला तर आतली 12 व्होल्टची बॅटरी चतुर्थीच्या करंज्या खाल्ल्यासारखी फुगलेली, डब्यातून बाहेर निघेना, शेवटी नारळ सोलायच्या पहारीजवळ हात गेला होता, आईने ओरडून थांबवलं. पाच वर्षं झाली होती तिला, अशा बॅटऱ्या दोन-तीन वर्षं टिकल्या तरी पुष्कळ.

मग मी वही केली. किती वाजता गेला, घरात काय चालू होतं, सगळं. आठ दिवसांनी वही बघतो तर प्रत्येक नोंदीत एक गोष्ट समान: पोदेर. खरं सांगतो, मी दोन दिवस त्या सायकलवाल्याकडे संशयाने बघत होतो. भोंग्यात असं काय आहे की एसएमपीएस, म्हणजे कम्प्युटरला करंट पुरवणारा आतला डबा, घाबरावा?

नवव्या दिवशी मल्टिमीटर घेऊन टेबलाजवळच्या प्लगवर बसलो. काटा 225 व्होल्टवर. पों पों. आणि काटा धाडकन 160 च्या खाली! त्याच क्षणी मागच्या दारी विहिरीवरचा पंप घुर्रर्र. म्हणजे दुपारची झोप झालेली आई भोंगा ऐकून उठायची, पहिलं काम पंपाचं बटण दाबायची, दुसरं मला पावाला पिटाळायची. पंप सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, तेवढ्यात कम्प्युटरचे प्राण जायचे.

पण पंप तर वर्षानुवर्षं आहे, मग आत्ताच काय झालं? वायरमनला बोलावलं. त्याने आधी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगितलं, आपल्या चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात सगळं कोरडं ठाक होतं म्हणून, तर त्या खड्ड्यावर आईने अळू लावलेलं. त्यावर अर्धा तास गेला. मग त्याने मेन स्विच उघडला, आत एक वाळलेली पाल, आणि तिच्या बाजूला काळा पडलेला स्क्रू. "बाब, न्यूट्रल जळला." न्यूट्रल म्हणजे करंट परत जायची तार. खारी दमट हवा, तांब्यावर हिरवा गंज, स्क्रू सैल. जास्त करंट ओढला की तिथेच व्होल्टेज अडायचं. मी इतके दिवस रस्त्यावरच्या खांबाकडे बघून शिव्या घालत होतो आणि चोर माझ्या ओसरीवर!

एसएमपीएसही उघडून बघितला (आधी प्लग काढून बराच वेळ ठेवला, आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचा झटका सोसायचं माझं वय नाही). कपॅसिटरच्या टोप्या वर आलेल्या, एकातून तपकिरी काहीतरी गळलेलं. धडधाकट एसएमपीएस करंट तुटला तरी सोळा-सतरा मिलिसेकंद दम धरतो, ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात चांगला यूपीएस बॅटरीवर येतो. आमच्याकडे एकाला दम नाही आणि दुसऱ्याला बॅटरी नाही.

नवा एसएमपीएस, नवी बॅटरी, स्क्रू घट्ट. महाराजांचा घात व्यवस्थित पार पडला, तिसरा अंकही टाईप झाला. पोदेर येतो, पंप चालू होतो, कम्प्युटर ढिम्म हलत नाही, मीही नाही.

परवा आई दारात येऊन उभी राहिली, पदर खोचलेला, हातात रिकामी पिशवी.

"आठ दिवस झाले, पोदेर निघून जातो तरी तू त्या खुर्चीवरून उठत नाहीस. त्या वायरमनला जरा फोन लाव, म्हणावं तो स्क्रू होता तसा करून दे."